पद कामानं मिळतं म्हणे. मग काम कुणाचं मोजता?

भूलतज्ज्ञ: डॉक्टरांच्या संघटनांच्या अध्यक्षपदी बायका इतक्या कमी का, या प्रश्नावर काल एकांनी लिहिलं, "पद कामानं मिळतं. बायकांनी उभं राहावं, अडवलंय कुणी?" अहो, चक्क ठराव करून अडवलं होतं! ब्रिटिश मेडिकल असोसिएशनमध्ये १८७३ला एलिझाबेथ गॅरेट अँडरसन सभासद झाल्या. पुढे १८७८ला संघटनेनं बायकांना दार लावून घेतलं, ते उघडलं १८९२ला. १८७३ ते १८९२, १९ वर्षं त्या एकट्याच बाई सभासद. अमेरिकन मेडिकल असोसिएशन १८४७ची, पहिली महिला अध्यक्ष नॅन्सी डिकी १९९८ला. इंग्लंडचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स १८००चं, क्लेअर मार्क्स २०१४ला. एवढ्या काळात एकही लायक बाई जन्मली नाही?

निवृत्त सर्जन: ते मीच लिहिलं आणि त्यावर ठाम आहे. १८७८चं पाप माझ्या माथी का? आमच्या वेळी सर्जरीत बायका होत्या किती? प्रसूतितज्ज्ञांचं रॉयल कॉलेज १९२९ला निघालं आणि १९४९ला हिल्डा लॉइड अध्यक्ष झाल्या. बायका होत्या तिथे झाल्याच की. मी खजिनदार, सचिव असा पायरी-पायरीनं वर गेलो.

भूलतज्ज्ञ: पायऱ्या मलाही ठाऊक आहेत. मी सहसचिव होते. इतिवृत्त, प्रायोजक, परिषदेतल्या वक्त्यांची तिकिटं, सगळं मी बघितलं. अध्यक्ष ठरवायची वेळ आली तेव्हा माजी अध्यक्ष एका खोलीत बसले आणि बाहेर येऊन "एकमतानं" नाव सांगितलं. अर्ज मागवले नाहीत, मतदान नाही. उभं राहायचं ते कुठे?

सरकारी फिजिशियन: बाई-पुरुष एवढ्यावरच थांबणार का? अमेरिकेत कृष्णवर्णीय डॉक्टरांना १८९५ला नॅशनल मेडिकल असोसिएशन वेगळी काढावी लागली. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं भेदभावाची माफी मागितली २००८ला! आणि सरकारी नोकरीतला डॉक्टर अध्यक्ष झालेला मी तरी पाहिला नाही. परिषदेला जायचं तर रजा नाही आणि खर्च खिशातून.

बालरोगतज्ज्ञ: मुळात बैठका रात्री नऊला का असतात ते सांगा. माझं बाळ सहा महिन्यांचं असताना मी कार्यकारिणी सोडली. राजीनाम्यावर एका ओळीचं उत्तर आलं, "कौटुंबिक कारण, मंजूर." वेळ बदलू का, असं एकानंही विचारलं नाही.

निवृत्त सर्जन: दिवसा ओपीडी कोण बघणार? ऑपरेशनची यादी संध्याकाळपर्यंत चालते. माझी बायकोही डॉक्टर, तिनं कधी तक्रार केली नाही.

बालरोगतज्ज्ञ: तुम्ही बैठकीला जात होतात तेव्हा मुलं कोण सांभाळत होतं?

निवृत्त सर्जन: माझ्या घरात शिरू नका!

भूलतज्ज्ञ: घर तुम्हीच आणलंत, डॉक्टर.

सरकारी फिजिशियन: ऑनलाइन घ्या की. रात्रपाळीवाल्यालाही जमेल.

निवृत्त सर्जन: घेऊन पाहिल्या. अर्धे लोक गाडीत बसून बोलतात, हिशेबाचा एक कागद धड कुणी वाचत नाही.

बालरोगतज्ज्ञ: समोर बसूनही वाचत नाहीत. मी वाचायचे, म्हणून मला "खोदकाम करते" म्हणायचे. आणि जेवणाची व्यवस्था मात्र न विचारता माझ्याकडे!

निवृत्त सर्जन: जेवणाचं चुकीचंच. बंद खोलीत नाव ठरवणंही बरोबर नाही, अर्ज मागवून गुप्त मतदान घ्या. इतकंच मान्य. राखीव जागा मात्र मरेपर्यंत मान्य करणार नाही. राखीव जागेवरच्या बाईला जन्मभर "कोट्यातली" म्हणतील.

भूलतज्ज्ञ: तसं म्हणणाऱ्यांना आवरा, जागा कशाला अडवता? आम्हाला आजही "चांगलं बोलते" म्हणून सूत्रसंचालन देतात आणि चर्चासत्रात पाचही पुरुष बसवतात. निदान अध्यक्षाचं नाव सुचवणाऱ्या नामांकन समितीत फक्त माजी अध्यक्ष नकोत. तिथे तरुण, सरकारी आणि बायका हव्यातच. आणि एका माणसानं त्या समितीत किती वर्षं बसायचं, याची मर्यादा संघटनेच्या घटनेत लिहा.

निवृत्त सर्जन: मर्यादेला माझा विरोध नाही. घटनादुरुस्ती मांडा, मी विरोधात बोलणार नाही.

बालरोगतज्ज्ञ: आणि बैठकीची वेळ?

निवृत्त सर्जन: रविवारी सकाळी ठेवा. पण प्रत्यक्ष.

सरकारी फिजिशियन: रविवारी माझी ड्युटी असते.