मदत हवी आहे: रात्री मोपाला उतरून पाळोळेला कसं जायचं? (सोबत आई आणि अडीच वर्षांचा मुलगा)

समुद्रवेडी:
नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, चुका पोटात घाला.

पुढच्या महिन्यात चार दिवस गोव्याला जातोय, हॉटेल पाळोळे बीचवर. मी अतिशहाणपणा करून नुसतं "गोवा" टाकून सगळ्यात स्वस्त दिसलं ते तिकीट काढलं, आणि काल सीट बघायला मेल उघडला तर त्यात जीओएक्स लिहिलेलं. म्हणजे मोपा, तो नवा एअरपोर्ट! मी आपली दाबोळी (जुना एअरपोर्ट) धरून बसलेले. नकाशा उघडला तर मोपा पार वर पेडण्यात आणि पाळोळे पार खाली काणकोणात, म्हणजे आम्ही अख्खा गोवा उभा कापत जाणार. नवरा तेव्हापासून नुसता हसतोय, मदत शून्य.

फ्लाइट रात्री ९.४० ला उतरते. माणसं चार: मी, नवरा, माझी आई (गुडघे, पाय फार वेळ दुमडून बसवत नाही) आणि आमचे अडीच वर्षांचे चिरंजीव, जे वळणाचा रस्ता लागला की हमखास ओकतात. दोन मोठ्या बॅगा, एक लहान, वर स्ट्रोलर.

हॉटेलवाले म्हणतात गाडी पाठवतो, ४५०० होतील. तिकिटात वाचले त्याच्या दुपटीहून जास्त 😭 हे महाग आहे का तिथे जाऊन टॅक्सी केलेली बरी? ओला उबर बघितलं तर काही दिसतच नाहीये, माझ्याच फोनचा प्रॉब्लेम आहे का? कदंबाची (गोव्याची सरकारी) बस असते असं कोणीतरी म्हणालं, खरं का? आणि स्वतः गाडी भाड्याने घेऊन नवऱ्याने चालवली तर? रात्रीचा रस्ता कसा आहे? प्लीज ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा, गूगलचं ज्ञान माझ्याकडे भरपूर आहे.

आळशी_प्रवासी:
फोन ठीक आहे तुमचा. गोव्यात ओला उबर नाही. गोवामाइल्स म्हणून टॅक्सीचं ॲप आहे, ते चालतं, मोपाला त्यांचा काउंटरही आहे. नाहीतर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर.

नकाशेवाला:
तिकीट बदलून दाबोळीचं करता येतं का आधी ते बघा. दाबोळी ते पाळोळे साधारण ६०-६५ किमी, मोपाहून शंभरच्या आसपास. रात्री दीड तास आणि अडीच तास हा फरक लहान पोराबरोबर फार मोठा वाटतो.

समुद्रवेडी:
@नकाशेवाला बघितलं हो, बदलायचे पैसे अधिक भाड्यातला फरक मिळून चौघांचे जेवढे होतायत तेवढ्यात हॉटेलची गाडी दोनदा येऊन जाईल. तो विषय संपला.

बॅगभरू:
आम्ही तिघं मित्र मोपाहून कदंबाच्या बसने मडगावला गेलेलो, इलेक्ट्रिक एसी बस, मस्त गार, सीटपण चांगल्या. तिथून काणकोणची बस पकडली, चावडीला (काणकोणचा बाजार) उतरून रिक्षा. पैसे एकदम कमी लागले. लोक उगाच टॅक्सीला हजारो घालवतात, बस बेस्ट!!

दोन_पिल्लांची_आई:
@बॅगभरू किती वाजता उतरला होतात?

बॅगभरू:
सकाळी ११ ला

दोन_पिल्लांची_आई:
तेच म्हटलं. दादा, त्यांची फ्लाइट ९.४० ला उतरते, बॅगा येऊन बाहेर पडेपर्यंत सव्वादहा साडेदहा. मडगावला पोचेपर्यंत मध्यरात्र. त्या वेळी काणकोणची बस कुठली? मडगाव स्टँडवर आजी, झोपलेलं पोर आणि तीन बॅगा घेऊन टॅक्सी शोधत बसायचं, आणि तो मग मागेल ते द्यायचं. बस चांगली आहे, नाही म्हणत नाही, पण दिवसा.

समुद्रवेडी, तुझ्यासाठी उत्तर एकच आहे, आधी ठरवलेली गाडी. हॉटेलची घे किंवा दुसऱ्या कोणाची घे, पण ड्रायव्हरचा नंबर घरातून निघतानाच हातात हवा. मी एकदा "तिथे गेल्यावर ॲपवर बघू" करून बसले होते, कुठला एअरपोर्ट ते नाही सांगत, एकाने घेतली ट्रिप आणि लांबचं अंतर बघून कॅन्सल केली, मग दुसऱ्याने, तिसरा फोनवर विचारतो मॅडम कॅश देणार ना. पाऊण तास. धाकटी माझ्या खांद्यावर घामाने चिकट होऊन झोपलेली आणि मी एका हाताने रिफ्रेश करतेय. तेव्हापासून कानाला खडा.

काणकोणचो:
मी इथलाच, त्यामुळे रस्ता सांगतो, बाकी तुम्ही ठरवा.

मोपाहून बाहेर पडलात की लिंक रोडने धारगळला एनएच ६६ ला लागता. मग म्हापसा, पर्वरी, तिथून अटल सेतूवरून पणजी बाजूला टाकून बांबोळी, आगशी, झुआरीचा नवीन पूल, वेर्णा. इथवर रस्ता रुंद आहे, पर्वरीत संध्याकाळी गर्दीचा वैताग येतो पण तुम्ही अकराला तिथे पोचणार, तेव्हा एवढं काही नसतं. झुआरीचा जुना पूल असताना तिथे तास तास जायचा, आता तो त्रास गेला. मडगाव बायपास, कुंकळ्ळी, बाळ्ळी, आणि मग करमळ घाट. खरा प्रश्न हा घाटच आहे. दोन्ही बाजूला जंगल, दिवे नाहीत, वळणावर समोरून ट्रक येतो तो हाय बीम मारतच येतो, मोबाइलची रेंज येते जाते. आम्हाला सवय आहे, आम्ही गप्पा मारत जातो. पण ज्याने तो रस्ता कधी बघितला नाही त्याने फ्लाइटचा थकवा घेऊन रात्री साडेबाराला तिथे पहिल्यांदा चालवू नये, हे माझं स्पष्ट मत. पात्राव (म्हणजे साहेब) कितीही एक्सपर्ट असला तरी.

गाडी भाड्यानेच हवी तर दुसऱ्या दिवशी पाळोळेत घ्या. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असलेलीच घ्या, पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर नको, ते कायदेशीर नाही आणि अडवलं तर भुर्दंड तुम्हाला.

समुद्रवेडी:
@काणकोणचो बापरे. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणे "मी घाट खूप चालवलेत". मी म्हटलं पोर मागे ओकत असताना किती चालवलेस? गप्प. तर सेल्फ ड्राइव्ह कटाप.

पण ४५०० चं काय? घासाघीस करू की नको? आणि ॲपने ट्रिप मिळाली तर स्वस्त पडेल ना?

आळशी_प्रवासी:
पडेल की. मला गेल्या वर्षी उतरल्या उतरल्या मिळाली होती आणि हॉटेलच्या रेटपेक्षा सात-आठशे कमी लागले. पण मी एकटा, एक सॅक, दुपारी. आणि मी खरंच आळशी आहे, नसती मिळाली तर तिथेच बाकावर झोपलो असतो.

नकाशेवाला:
ट्रेनचा पर्याय कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, काणकोण स्टेशन पाळोळेपासून दोन-तीन किमीवर आहे, मोपाला पेडणे आणि थिवी ही स्टेशनं जवळची. दिवसा उतरत असाल आणि वेळा जुळल्या तर छान प्रवास आहे. सगळ्या गाड्या काणकोणला थांबत नाहीत, ते बघून घ्यायचं. रात्री उपयोग नाही, आपलं माहिती असावी म्हणून.

दोन_पिल्लांची_आई:
४५०० वर भांडू नकोस, त्यात काय काय धरलंय ते विचार. मी व्हॉट्सॲपवर हे विचारते आणि लिहूनच घेते, फोनवर नाही. गाडी कोणती येणार? "सेडान" म्हणाले तर नको म्हण, सीएनजीची असली तर डिकीत टाकी असते आणि दोन मोठ्या बॅगा जात नाहीत, मग एक बॅग आईच्या पायाशी येते, आणि गुडघेवाल्या माणसाला अडीच तास तसं बसवायचं म्हणजे सुट्टी तिथेच संपली. अर्टिगासारखी मोठी गाडी आणि शेवटची रांग पाडलेली हवी म्हणून सांग. आई पुढे, सीट पूर्ण मागे ढकलून. फ्लाइट लेट झाली तर किती वेळ फुकट थांबणार? रात्रीचा जादा आकार ४५०० मध्येच आहे ना? एअरपोर्टच्या पार्किंगचे पैसे कोण देणार? फ्लाइट नंबर त्यांना दे, नुसती वेळ नको, म्हणजे ड्रायव्हर बघून निघतो. चाइल्ड सीट मिळणार नाही हे धरूनच चाल, असेल तर स्वतःची ने.

आणि ओकण्याचं: डॉक्टरांना विचारून औषध, निघण्याआधी दूध अजिबात नाही, खिडकीची काच बोटभर खाली. फोनवर कार्टून तर मुळीच नाही, त्यानेच जास्त मळमळतं. एक जुना टॉवेल आणि चार पिशव्या हॅंडबॅगेत, डिकीतल्या बॅगेत नाही. (हे मी कसं शिकले विचारू नकोस.)

काणकोणचो:
अजून एक राहिलं. हॉटेल बीचवर म्हणजे नक्की कुठे? पाळोळेत गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत जाते, पुढे वाळू. बऱ्याच हट्सना थेट गाडी लागत नाही. विचारून घ्या, नाहीतर रात्री एक वाजता चाकाच्या बॅगा वाळूत ओढत बसाल, आणि वाळूत बॅगेची चाकं फिरत नाहीत, नुसती नांगरतात.

समुद्रवेडी:
@काणकोणचो हे कोणाच्याच डोक्यात आलं नसतं! विचारलं. गाडीपासून हॉटेल "फक्त दीडशे मीटर, वाळूतून". आईला काय सांगू आता 🤦‍♀️

मावशीचा_भाचा:
मधेच बोलतो. तुम्ही त्या रात्री पाळोळेला जायलाच हवं का? पणजीत किंवा म्हापशात एक रात्र थांबा, मोपाहून पणजी तासाभराचा रस्ता, सगळे झोपा, सकाळी उजेडात निघा. माझ्या मावशीला असंच नेलं होतं, ती आजही नाव काढते. दिवसा मग बसपण करता येईल.

समुद्रवेडी:
@मावशीचा_भाचा आयडिया मला फार आवडली, पण हॉटेलचे त्या रात्रीचे पैसे भरून झालेत आणि परत मिळत नाहीत. म्हणजे एक रात्र दोन ठिकाणी. आधी विचारायला हवं होतं तुम्हाला सगळ्यांना. नवरा म्हणतोय आधी तिकीट नीट वाचायला हवं होतं. त्याचं खातं बंद केलंय.

नकाशेवाला:
परतीचं तिकीट कुठून आहे हो? सहज विचारतो.

समुद्रवेडी:
थांबा बघते

समुद्रवेडी:
दाबोळी 😶

नकाशेवाला:
😂😂 मग जाताना तरी सुटलात. परतीची गाडी ठरवताना "एअरपोर्ट" एवढंच म्हणू नका, नाव घेऊन सांगा. मोपा सुरू झाल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, चुकीच्या एअरपोर्टला गेलेले दोन जण मला स्वतःला माहितीयत.

समुद्रवेडी:
ठरलं! हॉटेलचीच गाडी घेतली. सगळे प्रश्न कॉपी पेस्ट करून पाठवले, मोठी गाडी, रात्रीचा आकार आणि पार्किंग धरून ४५००, लेट झालं तर एक तास थांबणार. सामान न्यायला माणूस उभा ठेवतो म्हणालेत. परतीला तेच दाबोळीला सोडणार, ते बरंच कमी सांगितलंय. आल्यावर लिहीन.

(पाच आठवड्यांनी)

समुद्रवेडी:
आलो परत! लिहीन म्हटलं होतं म्हणून.

फ्लाइट पन्नास मिनिटं लेट. बाहेर आलो तर ड्रायव्हर दादा माझ्या नावाचा कागद घेऊन, नाव चुकलेलं पण ओळखू आलं. शेवटची रांग पाडलेली होती, बॅगा स्ट्रोलर सगळं मागे गेलं, आई पुढे पाय पसरून. मडगावपर्यंत चिरंजीव ढाराढूर, मी मनात म्हटलं जिंकलो. करमळ घाटाच्या तिसऱ्या वळणाला उठला, "आई" म्हणाला आणि झालं. पण टॉवेल हाताशी होता!! @दोन_पिल्लांची_आई तुझे पाय कुठे आहेत. दादांनी घाट उतरल्यावर गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली दिली, अजिबात तोंड वाकडं केलं नाही. मी वर दोनशे दिले.

रस्ता खरंच काळाकुट्ट. नवरा घाट संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही, खाली उतरल्यावर म्हणाला, "बरं झालं." बास, एवढंच.

पोचायला दीड वाजला. सामानाचा माणूस होता, हातगाडी मात्र नव्हती, त्याने मोठी बॅग सरळ डोक्यावर घेतली. आईला दीडशे मीटर जड जाणार म्हणून मी घाबरलेले, ती चपला हातात घेऊन अनवाणी निघाली आणि म्हणते ओल्या कडेने चाला, तिथे वाळू घट्ट असते. आमच्या सगळ्यांच्या आधी पोचली.

बॅगभरू:
भारी! पुढच्या वेळी सकाळची फ्लाइट घ्या आणि बस

समुद्रवेडी:
@बॅगभरू घेते बाबा, तिकीट तूच काढ

नवीन_सभासद:
माझापण सेम प्रश्न आहे, रात्री १० ला मोपा, आईवडील सोबत, पण हॉटेल मोरजीला आहे. आम्हाला पण ४५०० लागतील का?

काणकोणचो:
मोरजी? अहो तुम्ही पेडण्यातच आहात, काउंटरवरून टॅक्सी घ्या, तास पण नाही लागायचा. फक्त गाडी दारापर्यंत जाते का तेवढं विचारा.