देणं १ लाख ६३ हजार, पगार दर शनिवारी – आधी कुणाचं फेडू?

सुईदोरा_सोलापूर

नमस्कार. आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे भाड्यानं राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दोन मुलं (सातवी आणि चौथी) आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यातून उठतोय तोवर कारखाना दीड महिना एकाच पाळीवर आला. तिथून जे सुरू झालं ते आजवर थांबलं नाही.

काल रात्री पहिल्यांदा सगळं एका कागदावर लिहिलं. गटाच्या कर्जाचा हप्ता २,६५०, अजून १४ राहिलेत, मुद्दल साधारण ३२,०००. गल्लीतल्या एकाकडून ४०,००० घेतलेत, शेकडा ५ नं. त्याला महिन्याला २,००० व्याज जातं, ११ महिने झाले, मुद्दल आहे तिथंच आहे. माझं मंगळसूत्र आणि सासूबाईंच्या पाटल्या बँकेत ठेवून ६०,०००. मालकाकडून १५,००० उचल, आठवड्याला ४०० कापतात. किराणा उधारी ८,४००. मोबाइलचा हप्ता १,४९९, अजून पाच.

उचल कापून शनिवारी हातात ४,१०० येतात. माझे महिन्याला साडेतीन हजार, लग्नसराईत थोडे जास्त. घरभाडं ३,५००. बुधवार आला की डब्यात काही नसतं.

मिस्टर म्हणतात किराणावाल्याचं आधी देऊ, रोज त्याच्या दारावरनं जावं लागतं. सासूबाई म्हणतात पाटल्या सोडवा, मे महिन्यात भाचीचं लग्न आहे, मोकळ्या हातानं कशी जाऊ. मला काहीच सुचत नाही. आधी कुणाचं फेडू? आणि खर्च कुठं तोडू? चैन तर कसलीच नाही आमच्याकडे.

रात्रपाळी_११

ताई, एकच सांगतो. दिवाळीला परत उचल घेऊ देऊ नका. बोनस हातात यायच्या आधी उचलीतच वळता होतो आणि पुढचं वर्ष पुन्हा त्याच मालकाकडे बांधून जातं. दुसरीकडे रेट जास्त मिळत असला तरी सोडून जाता येत नाही. माझी आठ वर्षं तशीच गेली.

पतसंस्था_निवृत्त

मी वसुली विभागात २९ वर्षं काम केलं आहे, म्हणून नियमापुरतं लिहितो.

गटाचं कर्ज सूक्ष्म वित्तातलं (मायक्रोफायनान्सचं) असेल तर २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते मुदतीआधी फेडलं तरी दंड लावता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जातील असं कर्ज संस्थेनं द्यायचंच नसतं. वसुलीचा माणूस सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करू शकत नाही. गटातल्या बायका दारात बसवून अपमान करणं तर मुळीच चालत नाही.

गल्लीतल्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का, हे आधी विचारा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतीव्यतिरिक्त विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं, म्हणजे महिन्याला शेकडा दीड. तुम्ही ५ देताय. परवाना नसेल तर तो गुन्हाच आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. तक्रार करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, एकाच गल्लीत राहायचं असतं हे मलाही कळतं. पण कायदा आपल्या बाजूनं आहे एवढं माहीत असलं की बोलताना आवाज बदलतो.

अशोकचौक_अक्का

पोरी, तुझा कागद वाचला आणि रात्री झोप लागली नाही. मी सांगतेय, माझी लेक टाइप करतेय.

मी २६ वर्षं विड्या वळल्या. आमचे मालक (माझे मिस्टर) मागावर होते. त्यांना किडनीचं दुखणं लागलं आणि आमच्यावर २ लाख ८४ हजार झाले. फेडायला ३ वर्षं ८ महिने लागले. त्यात पहिलं दीड वर्ष मी चुकीच्या माणसाचं फेडत बसले, म्हणून तुला लिहायला बसले.

माझ्या डोक्यावर सावकाराचे ६०,००० होते, शेकडा ४ नं. जाऊबाईकडनं घेतलेले ३०,००० होते, बिनव्याजी. शिवाय भिशी उचलली होती. मी काय केलं? जाऊबाई सणावाराला तोंड फिरवून बसायची, ते सहन होईना, म्हणून पोटाला चिमटा काढून आधी तिचे दिले. मग भिशीवाल्या बायकांचे. सावकार गोड बोलायचा. "वहिनी, सावकाश द्या, व्याज तेवढं वेळेवर द्या," म्हणायचा. १९ महिने त्याला २,४०० प्रमाणे देत राहिले. किती झाले बघ, ४५,६००. आणि वीस नंबरच्या महिन्याला त्याच्या वहीत माझ्या नावावर ६०,००० च होते. त्या दिवशी मी हिशोब मांडला आणि चुलीपुढं बसून रडले. जिथं लाज वाटत होती तिथं मी पैसे देत होते. जिथं घर पोखरत होतं तिथं नाही.

तुमचंही तेच व्हायलंय. मिस्टरांना किराणावाल्याची लाज, सासूबाईंना मोकळ्या हातांची. दोघांचंही दुःख खरं आहे, मी त्याला हलकं म्हणत नाही. पण किराणावाला व्याज घेत नाही. पाटल्या बँकेत सुरक्षित आहेत. तुला खातोय तो गल्लीतला. ११ महिन्यांत २२,००० घेऊन बसलाय आणि अजून ४०,००० मागणार.

आता नीट वाच. सोनं ठेवलंस त्यानंतर भाव बराच चढलाय. बँकेत जा आणि विचार, याच दागिन्यांवर आणखी ४०,००० मिळतात का. बँकेचं व्याज वर्षाला दहा-बारा टक्के असतं. ११ धरलं तर ४०,००० ला महिन्याला ३७० च्या आसपास. गल्लीतला घेतो २,०००. मिळाले तर त्याच दिवशी सगळे त्याच्या हातात ठेव. एक रात्रसुद्धा घरात ठेवू नकोस. घरात आलेल्या पैशाला दहा वाटा फुटतात.

पण पुढची गोष्ट पाळणार असशील तरच हे कर, नाहीतर करू नकोस. जे २,००० त्याला जात होते ते दर महिन्याला सोन्याच्या खात्यात भरायचे. "आता जरा सुटलो" म्हणून त्यातले हजार इकडे, पाचशे तिकडे झाले की दागिने जातील. भरत राहिलीस तर हे वाढीव ४०,००० बावीस-तेवीस महिन्यांत संपतात. जुन्या ६०,००० चं व्याज वेगळं, महिन्याला साडेपाचशे धर. मोबाइलचा हप्ता पाच महिन्यांत संपतोय ना? ते १,४९९ संपलेच नाहीत असं समज आणि तेही सोन्यात टाक. थोडे थोडे भरलेले चालतात का, नूतनीकरणाची तारीख कोणती, हे बँकेत विचारून दारामागं लिहून ठेव. तारीख चुकली तर लिलावाची नोटीस येते.

आता घरखर्च. तुझा पगार आठवड्याचा आणि देणी महिन्याची, म्हणून बुधवारी डबा रिकामा होतो. चैनीमुळं नाही होत. मी काय करायची, प्रत्येक महिन्याच्या देण्याचे चार भाग करायची. तुझा गटाचा हप्ता २,६५०, म्हणजे शनिवारी ६६५ बाजूला. भाड्याचे ८७५. मोबाइलचे ३७५. सावकाराचे किंवा पुढं सोन्याचे ५००. हे २,४१५ स्वयंपाकघरात जायच्या आधी वेगळ्या डब्यात. मिस्टर पगार घेऊन आले की चहाच्या आधी हे काम. उरतात १,६८५, त्यात तुझ्या शिवणाचे आठवड्याला आठ-नऊशे मिळव. एवढ्यातच सगळं.

आणि ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, तो पाचवा शनिवार! वर्षात असे चार महिने तरी येतात. देणी चार शनिवारांतच भागलेली असतात. पाचव्या पगारातून आठवड्याचं जेवण काढ, बाकी अडीच हजार सरळ मुद्दलाला. मी कॅलेंडरवर जानेवारीतच त्या शनिवारांना कुंकवाचं बोट लावून ठेवायची. माझं अर्धं कर्ज त्या शनिवारांनी फेडलं असं मला वाटतं.

किराणावाल्याकडं दोघं मिळून जा. म्हणायचं, जुने ८,४०० वेगळ्या पानावर लिहा, आठवड्याला २०० देऊ, आजपासून नवीन माल रोखीनं. माझ्या दुकानदारानं वही मिटली आणि "अक्का, सावकाश द्या" म्हणाला. रोख देणाऱ्याशी दुकानदार नीट वागतो. उधारीवर घेताना आपण भाव विचारत नाही, वजन बघत नाही, त्यातच खूप जातं.

ज्वारी किलो-किलोनं घेऊ नकोस. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन मालदांडी आली की मार्केट यार्डात जा. आम्ही तिघी शेजारणी मिळून पोती घ्यायचो आणि वाटून घ्यायचो, तेव्हा दुकानापेक्षा किलोला आठ-दहा रुपये कमी पडायचे. भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट डाळ असली की पोरं उपाशी राहत नाहीत. लाइट बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटचा दर एकदम वाढतो, म्हणून मशीन दिवसा दाराजवळच्या उजेडात चालव आणि महिन्याच्या मध्यावर मीटर बघ. लाडक्या बहिणीचे १,५०० येत असतील तर ते खर्चाच्या हिशोबात धरूच नकोस. उशिरा येतात, आणि सवय लागली की घात होतो.

एक मात्र तोडू नकोस. मी दूध बंद केलं होतं, वर्षभर. धाकटीला शाळेत चक्कर आली, रक्त कमी निघालं. सिव्हिलला नेलं, गोळ्या फुकट मिळाल्या, बरी झाली. पण ते मला आजही खुपतं. दूध, सासूबाईंची औषधं आणि पोरांच्या वह्या यांना हात लावायचा नाही. गड्ड्याच्या जत्रेलाही पोरांना ने. थोड्या पैशांत एक पाळणा आणि भजी होतात. वर्षभर "नाही" ऐकणाऱ्या पोरांना ते लागतं.

सासूबाईंशी तू बोल, मिस्टरांना बोलायला लावू नकोस. त्यांना पाटल्या हव्यात त्या मिरवायला नाहीत. आपल्या ऑपरेशनमुळं घर बुडालं असं त्यांच्या मनात असणार.

सुईदोरा_सोलापूर

अक्का, काय बोलू. काल सासूबाईंपुढं कागद ठेवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यामुळंच ना हे." तुम्ही लिहिलं होतं तेच. दोघी रडलो. लग्नाला एक ग्रॅमच्या (सोन्याचा मुलामा दिलेल्या) पाटल्या घालून जाते म्हणाल्या.

आज बँकेत जाऊन आले. सोनं पुन्हा तोललं, वाढीव ४०,००० मिळतील म्हणाले, थोडे थोडे भरलेलेही चालतात. सोमवारी या म्हणाले. किराणावाल्याकडंही गेलो, तयार झाला.

एक भीती आहे. पैसे घेताना गल्लीतल्या माणसानं मिस्टरांची कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली होती आणि एक कोरा चेकही. आता पैसे दिल्यावर तो ते देईल का?

अशोकचौक_अक्का

म्हणूनच पैसे नोटांनी देऊ नकोस. खात्यातून खात्यात पाठव, म्हणजे नोंद राहते. खातं नको म्हणाला तर चार माणसांत, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, "मुद्दल ४०,००० पूर्ण मिळाले, काही येणं नाही" असं त्याच्या हातानं लिहून घे. स्टॅम्पपेपर आणि चेक आधी टेबलावर, मग पैसे. मी एकटी गेले होते आणि माझा चेक चार महिने परत मिळाला नव्हता. तू एकटी जाऊ नकोस. मिस्टरांबरोबर कारखान्यातला एखादा वडीलधारा माणूस ने. कागद हातात आले की तिथंच फाड, पण आधी फोटो काढून ठेव.

पतसंस्था_निवृत्त

अक्कांनी सांगितलं ते बरोबर. कागद द्यायला टाळाटाळ केली तर चेकचा नंबर चेकबुकावरून शोधून बँकेत लेखी अर्ज देऊन तो थांबवा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. त्या माणसाला एवढंच म्हणा की निबंधक कार्यालयात चौकशी केली आहे. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

अशोकचौक_अक्का

सोमवारी काय झालं ते सांग गं. आणि या शनिवारी पगार झाला की डब्यात किती उरले तेही लिही, लेकीकडून वाचून घेईन.