मदत हवी आहे: लायसन्स आलं, पण लेकीला घाट कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. लेकीला मागच्या महिन्यात पक्कं लायसन्स मिळालं. आरटीओच्या ट्रॅकवर रिव्हर्स एकदम झकास! पण शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक होते. अर्धी गाडी तेच चालवत होते, हे आता कळतंय.

रविवारी कात्रजचा जुना घाट चढताना पुढे एसटी थांबली. निघताना हिनं ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी हातभर मागे सरकली. मागे दुचाकीवर नवरा-बायको, मध्ये पोर. मी हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. वर ओरडलोही (ते चुकलंच). तेव्हापासून ती स्टिअरिंगला हात लावत नाही म्हणत होती.

कसंबसं समजावून आता सोसायटीच्या रॅम्पवर सराव चाललाय. हँडब्रेक लावायचा, क्लच हळूहळू सोडायचा, बॉनेट जरा उचललं, गाडी थरथरली की हँडब्रेक खाली. दहात सातदा जमतं. उताराचं मात्र अवघड आहे. सतत ब्रेक दाबून ठेवते. ब्रेक तापले की धरत नाहीत, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखतं, यावर तिचा विश्वासच नाही.

गणपतीला कुंभार्ली घाटानं चिपळूणला जायचंय, तेही पावसात. पुण्याजवळ पहाटे सरावाला मोकळा चढ-उतार कुठे मिळेल? आणि बापानं शिकवावं, की घाटात नेणारा एखादा शांत डोक्याचा मास्तर शोधावा? तुमच्या मुलांना कसं शिकवलंत?