मदत हवी आहे: एक धरलं की दुसरं सुटतं
नमस्कार मंडळी. वय ३८, पूर्ण वेळ नोकरी, घरी दोन मुलं. जानेवारीत ठरवलं की या वर्षी तब्येत, वाचन, पैशांचा हिशेब आणि जवळची माणसं, सगळीकडेच थोडं थोडं पुढे सरकायचं. वहीत चार रकाने आखले. तीन आठवडे मस्त चाललं. मग चालायला पहाटे उठायला लागले, तर रात्री पुस्तक घेतलं की दुसऱ्याच पानावर डोळे मिटायचे. वाचन सांभाळलं की चालणं बुडायचं. बहिणीला फोन करायचा रकाना तर मार्चपासून कोराच आहे, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात जास्त खुपतो.

आठवड्याचे १६८ तास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे फक्त अडीच तास. कागदावर वेळ भरपूर दिसतो. संध्याकाळी मात्र अंगात त्राण नसतं. म्हणजे अडचण वेळेची नसून दमण्याची असावी.

तुमच्यापैकी कोणी हे जमवलंय का? सगळं रोज थोडं करता, की दोन-तीन महिने एकच गोष्ट धरून ती अंगवळणी पडली की पुढची घेता? आणि तोवर बाकीच्या सोडून देता, की नावापुरत्या चालू ठेवता? 'पहाटे चारला उठा' हा सल्ला कृपया नको, तो करून झालाय. तुमचा आठवडा प्रत्यक्षात कसा जातो, तेवढं लिहा.