पिकलबॉलसाठी ठाण्यात चांगलं कोर्ट कुठे? (आपला सोसायटी ग्रुप)

ए-३०२: नमस्कार मंडळी. बाबांना डॉक्टरांनी नुसतं चालण्यापेक्षा काहीतरी खेळत जा म्हणून सांगितलंय. पूर्वी ते बँकेच्या टीममधून टेबल टेनिस खेळायचे, त्यामुळे पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टावर पॅडलने खेळायचा टेनिससारखा खेळ, जमेल असं वाटतंय. वाघबीळच्या आसपास कुठे चांगलं कोर्ट आहे का? वय ६६ आहे, गुडघे ठीक आहेत.

सी-८०१: मागच्या टर्फवर जा ना ताई. बॉक्स क्रिकेट नसेल तेव्हा तिथे पिकलबॉलची नेट लावून देतात. स्वस्तही पडतं.

बी-११०३: दादा, काकांना टर्फवर नको, कळकळीने सांगते. बॉल भोकाभोकांचा, प्लॅस्टिकचा, जेमतेम पंचवीस ग्रॅमचा. कृत्रिम गवतावर त्याला उसळीच मिळत नाही, पडला की बसला. आणि या खेळात सर्व्हिस एक टप्पा पडल्यावरच परतवायची, परत आलेला बॉलही समोरच्याने टप्पा पडू देऊनच मारायचा, असा नियम आहे. टप्पा नीट पडला नाही तर प्रत्येक बॉलला कमरेतून वाकावं लागतं. वर गवतात बूट अडकून गुडघा पिळवटतो ते वेगळंच. कुठेही फोन केला की आधी विचारायचं, "खाली काय आहे?" अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कडक रंगीत थर दिलेली जमीन, म्हणाले तर पुढचं बोलायचं.

ए-३०२: हे मला माहीतच नव्हतं. मग बघू कुठे?

बी-११०३: प्लेओ, हडल, खेलोमोअर या कोर्ट बुक करायच्या अ‍ॅपवर ठाणे टाकून बघ. पोखरण रोड, कोलशेत, घोडबंदरचा पट्टा, सगळीकडची कोर्टं दिसतील. पण फोटो बघून बुक करू नकोस. फोटो रात्री लाइट लावून काढलेले असतात, त्यात सगळीच कोर्टं छान दिसतात. एकदा संध्याकाळी काकांना घेऊन नुसतं बघून ये.

मी काय बघते ते सांगते. कोर्ट असतं २० बाय ४४ फूट, पण भोवतीची मोकळी जागा धरून निदान ३० बाय ६० लागते. म्हणजे बेसलाइनच्या, कोर्टाच्या शेवटच्या रेघेच्या, मागे आठ-आठ फूट. जागेची ओढाताण असली की तीन कोर्टं एकाला एक चिकटून बसवतात आणि मागची जाळी बेसलाइनपासून दोन-तीन पावलांवर येते. डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच टोलवलेला बॉल, आला की माणूस उलट्या पावलांनी मागे जातो आणि तिथेच पडतो. हात टेकवायला जातो, मनगट मोडतं. काकांना पहिल्याच दिवशी हे शिकवायचं: लॉब आला तर आधी वळायचं, मग जायचं. नाहीतर सरळ पॉइंट सोडून द्यायचा.

दुसरं म्हणजे शेजारच्या कोर्टाच्या मध्ये जाळी हवी. नसेल तर तिकडचा बॉल घरंगळत नेमका आपल्या पायाखाली येतो.

डी-५०४: माझा भाऊ नेरूळला खेळतो. खाडीचा वारा सुटला की बॉल कुठच्या कुठे जातो म्हणतो. छत असलेलं कोर्ट बघा.

बी-११०३: बरोबर काका. उघड्या कोर्टावर सकाळी लवकर खेळावं, तेव्हा वारा पडलेला असतो. पावसाळ्यात तर छताशिवाय पर्यायच नाही. पण छत आहे म्हणून कोर्ट कोरडं असेलच असं नाही. बाजू उघड्या असल्या की पावसाची झड आत येते आणि अ‍ॅक्रिलिकवर पाण्याची पातळ साय धरते, वरून दिसतही नाही. मी एका ठिकाणी ऑगस्टमध्ये एका काकूंना घसरताना पाहिलंय. मॅनेजर लांबून "चालेल, चालेल" म्हणत होता. तेव्हापासून मी आधी बूट घासून बघते, करकर आवाज आला तरच खेळते.

सी-८०१: दर काय आहे पण?

बी-११०३: वेळेप्रमाणे बदलतो. संध्याकाळी सात ते दहा आणि शनिवार-रविवार सगळ्यात महाग. कोर्टाचे पैसे तासावर असतात, माणशी नाही, त्यामुळे चौघांत वाटले की हलकं होतं. ज्यांना ऑफिस नाही त्यांनी आठवड्यात सकाळी दहानंतर जावं. कोर्टं रिकामी असतात, घाई करायला कोणी नसतं. आणि ताई, माजिवड्याच्या पलीकडचं कितीही चांगलं कोर्ट असलं तरी काकांसाठी नको. घोडबंदर रोडवर संध्याकाळी खेळण्यापेक्षा जास्त वेळ गाडीत जातो, आणि तासभर पाय आखडून बसलेला माणूस उतरून लगेच खेळायला लागला की स्नायू धरतो.

एफ-१२०२: येऊरला रात्री लाइटमध्ये मस्त वाटतं, गारवा असतो.

बी-११०३: मी नाही जात. शेजारी राष्ट्रीय उद्यान आहे. रात्री फ्लडलाइट आणि आवाज तिथल्या जनावरांवर लादणं मला पटत नाही. शहरात कोर्टं आहेत की.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पोडियमवर मुलांच्या झोक्यांच्या बाजूला कायमचं पिकलबॉल कोर्ट करायचा प्रस्ताव काही सभासदांनी दिला आहे. एका कंत्राटदाराचं कोटेशनही आलं आहे. मत कळवा.

एफ-१२०२: उत्तम. बाहेर जायचा प्रश्नच मिटला.

बी-१०२: माझा विरोध आहे. आमची बेडरूम बरोबर त्याच्या वर येते. सुनेला नाइट शिफ्ट असते, सकाळी आठला येऊन झोपते. त्या बॉलचा टक्-टक् आवाज खिडकी लावूनही येतो. माझ्या बहिणीच्या सोसायटीत झालंय हे.

एफ-१२०२: काकू, रात्री दहानंतर बंद ठेवू ना. नियमात बसतं.

बी-११०३: दादा, रात्री दहा ते सकाळी सहा हा कायद्यातला रात्रीचा काळ आहे, पण काकूंच्या सुनेची रात्र सकाळी आठला सुरू होते. काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कडक पॅडलवर कडक प्लॅस्टिक आपटतं, आवाज तीक्ष्ण येतो आणि तालात नाही, थांबून थांबून येतो. त्याची सवय होत नाही. मी खेळते, मला हा खेळ मनापासून आवडतो, आणि तरीही पोडियमला माझा विरोध आहे.

काका, अजून एक गोष्ट बघा. कोटेशनमध्ये नेटचे खांब स्लॅबला बोल्ट मारून बसवायचे आहेत का? तसं असेल तर पोडियमचं वॉटरप्रूफिंग फुटेल आणि पहिल्या पावसात खाली पार्किंगमध्ये गळेल. मागे खेळण्यांचे बोल्ट मारले तेव्हा बी विंगच्या गाड्यांवर चुन्याचे ओघळ आले होते, ते सगळ्यांना आठवत असेल.

सेक्रेटरी: हो, बोल्टचंच लिहिलं आहे. बरं झालं सांगितलंत.

बी-११०३: माझं म्हणणं असं की कोर्ट आपल्याकडे आधीच आहे. क्लबहाऊसमधलं बॅडमिंटन कोर्ट. डबल्सचं बॅडमिंटन कोर्ट २० बाय ४४ फुटांचंच असतं, तेच माप पिकलबॉलचं. बाहेरच्या रेघा, मधली रेघ, सगळं तेच. फक्त नेटजवळची रेघ बदलते. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलचं किचन, म्हणजे जिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही तो पट्टा, सात फुटांचा. दोन्हीकडे सहा-सहा इंच मागे एक रंगीत टेप मारायची, काम झालं. लाकडी फरशीवर रंग नको, टेपच बरी. बॅडमिंटनची नेट पाच फुटांवर असते, इथे कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४, म्हणून वेगळी, उचलून ठेवता येणारी नेट घ्यावी लागेल. भिंती बंद, काकूंपर्यंत आवाज जाणार नाही. घरात खेळायचा बॉलही वेगळा मिळतो, मोठ्या भोकांचा आणि जरा मऊ.

डी-५०४: हे छानच जमेल. मुळात खेळ जन्मलाच बॅडमिंटन कोर्टावर. १९६५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्यांसाठी काहीतरी खेळ हवा म्हणून जुन्या बॅडमिंटन कोर्टावर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा बॉल घेऊन सुरुवात केली. नेटही आधी बॅडमिंटनच्याच उंचीवर होती, बॉल चांगला उसळतो म्हटल्यावर खाली आणली. आपल्याकडे तो रुजवला सुनील वालावलकर यांनी, मुंबईतून.

सी-८०१: पण संध्याकाळी बॅडमिंटनला मुलांची रांग असते. त्यांची वेळ काढून घेऊ नका.

बी-११०३: अजिबात नाही. मुलं शाळेत असतात तेव्हा, सकाळी साडेदहा ते साडेबारा. क्लबहाऊस तेव्हा कुलूपबंदच असतं. नोकरीवाल्यांनी बाहेरची कोर्टं बुक करावीत, मीही तेच करते. ही वेळ ज्येष्ठांची आणि घरी असलेल्यांची.

बी-१०२: असं असेल तर माझी हरकत नाही. खिडक्या बंद ठेवाल ना?

बी-११०३: ठेवू काकू. आणि तरी ऐकू आलं तर लगेच फोन करा, वेळ बदलू. तुम्ही स्वतःही या की खेळायला.

बी-१०२: बघते.

सेक्रेटरी: पोडियमचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवतो. नेट आणि टेपचा खर्च रविवारी कमिटीच्या बैठकीत मांडतो. तोवर जुळवाजुळव करून दोन दिवस करून बघा. चावी वॉचमनकडे मिळेल.

बी-११०३: धन्यवाद काका. नेट माझ्या ओळखीच्या एका ग्रुपकडून दोन दिवसांसाठी आणते. बुधवारी माझी सुट्टी आहे, सकाळी येते आणि टेप मारते. टेप धरायला एक माणूस हवा, आणि मोजायला मोठी टेप कोणाकडे असेल तर कळवा.

डी-५०४: माझ्याकडे आहे. मी येतो.

ए-३०२: बाबा आत्ताच विचारतायत, पॅडल विकत घ्यायचं का?

बी-११०३: इतक्यात नको. माझ्याकडे चार आहेत. महिनाभर खेळू देत, हाताला कुठलं वजन बरं वाटतं ते कळेल, मग घ्या. बूट मात्र बघून ठेव. चालायचे बूट नकोत, त्यांचा तळवा जाड आणि गोलसर असतो, बाजूला पाय टाकला की घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे, फरशीवर डाग न पाडणारे घे. नौपाड्यात स्पोर्ट्सच्या दुकानात काकांना घेऊन जा, घालून बाजूला चार पावलं टाकायला सांग.

ए-३०२: उद्याच जाते.