मदत हवी आहे: दहावीतल्या मुलीला रात्री झोप लागत नाही, दिवसभर पेंगते

लेक पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. शाळा सकाळची, साडेसहाला व्हॅन दारात. संध्याकाळी क्लास, घरी यायला साडेआठ. अकराला अंथरुणावर पडते, पण एक वाजेपर्यंत टक्क जागी. मोबाईल रात्री आमच्या खोलीत असतो, त्यामुळे कारण ते नाही. सकाळी उठवताना रडकुंडीला येते, वर्गात डोळे मिटतात, रविवारी बारापर्यंत झोपते. सासूबाई याला आळस म्हणतात. मला पटत नाही, कारण मे महिन्याच्या सुट्टीत हीच मुलगी एकला झोपून दहाला उठायची आणि दिवसभर ताजीतवानी असायची.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन 10.6 (या वयात मुलींचं किमान 12 हवं), बी-12 पण कमी. आम्ही शाकाहारी, त्यात तिला पाळीत खूप रक्तस्राव होतो. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर देते, चहा-दूध त्यापासून लांब ठेवते. धाप लागणं कमी झालंय. झोप मात्र उशिराच येते. डॉक्टर म्हणाले, वयात येताना मेलाटोनिन (झोप आणणारं हार्मोन) रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे झोपेची वेळ तास-दोन तास पुढे सरकते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तिला शाळेच्या दिवशी पाचही मिळत नाहीत!

2024 मध्ये आपल्या सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, फार चांगलं केलं. पण ज्यांची झोप खरोखर पुढे सरकते ती आठवी ते दहावीची मुलं त्यातून सुटली. कॅलिफोर्नियात 2022 पासून, ग्रामीण भाग सोडला तर, सरकारी हायस्कूल साडेआठच्या आत भरत नाहीत. कोणाच्या शाळेत पालकांनी मिळून माध्यमिकची वेळ पुढे ढकलून घेतली आहे का? अर्ज कसा केला, शाळेने काय अडचणी सांगितल्या, सगळं सविस्तर लिहा.

तोवर घरी काय करता येईल? उठल्याबरोबर गच्चीत उन्हात बसवायचं आणि चहा-कॉफी दुपारनंतर बंद, एवढं सुरू केलंय. रविवारी नेहमीच्या वेळेलाच उठवावं म्हणतात, पण आठवडाभर अर्धवट झोपलेल्या मुलीला सहाला हलवायचं माझ्या जिवावर येतं. तुम्ही किती वाजेपर्यंत झोपू देता? शाळेतून आल्यावर अर्ध्या तासाची डुलकी चालते, की त्याने रात्र आणखी लांबते?

ओळखीच्या एकीने मेलाटोनिनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही. ती घोरत नाही, मैत्रिणींत रमते, उदास वाटत नाही. तरी आणखी कशाकडे लक्ष द्यायला हवं? सहामाही जवळ आली आहे. झोपेच्या तज्ज्ञांकडे आत्ताच जावं, की हिमोग्लोबिन वर येईपर्यंत थांबावं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया लिहा.