सोप विनंतीत मराठी मजकूर आला की ५०० एरर, इंग्रजी मात्र सुरळीत जातं (पीएचपी, कर्ल)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप झालं की उत्पादकाच्या मोबाइलवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि रक्कम असा मेसेज जातो. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीची सेवा सोप १.१ ची आहे (विनंती आणि उत्तर एक्सएमएलमध्ये देण्याची पद्धत). एक्सएमएलची स्ट्रिंग मी स्वतःच जोडतो आणि कर्लने (वेबवर विनंती पाठवणारी लायब्ररी) पोस्ट करतो.

इंग्रजी मजकूर बिनतक्रार जातो. 'सुनंदा म्हैस दूध जमा' एवढं जरी टाकलं तरी ५०० (सर्व्हरकडची चूक) येतं, आणि फॉल्टमध्ये (सोपच्या चूक सांगणाऱ्या उत्तरात) लिहिलेलं असतं की एक्सएमएल अर्ध्यातच संपलं. माझ्या लॉगमध्ये मात्र ते शेवटच्या टॅगपर्यंत पूर्ण दिसतं. तेच उचलून सोपयूआयमध्ये (सोप सेवा तपासायचं टूल) चिकटवलं तर पहिल्या फटक्यात जातं. आणखी एक गंमत नाही कळत: मराठी मेसेज अडकला की त्याच्यामागचा साधा इंग्रजी मेसेजही कधीकधी ४०० (विनंतीच चुकीची) घेऊन परत येतो. कर्लचं हँडल एकच उघडं ठेवलंय.

हेडर तीन देतो: कंटेंट-टाइप टेक्स्ट/एक्सएमएल, सोपॲक्शन आणि कंटेंट-लेंग्थ. लांबी मोजायला आमचं कॉमन फंक्शन आहे. मराठी नावं मध्येच तुटायची म्हणून त्यात स्ट्रलेन काढून एमबी-स्ट्रलेन घातलंय.

साहेब म्हणतात, इंग्रजीत पाठव आणि विषय संपव. मला ते पटत नाही.

रात्रपाळी

डेटा युनिकोडच आहे ना? जुन्या संस्थांत फाँटवाली मराठी असते, पडद्यावर छान दिसते आणि आत सगळी इंग्रजी अक्षरं. दुसरं म्हणजे नावात 'अँड'चं चिन्ह असेल तर ते एस्केप केलंय का बघा. स्ट्रिंग हाताने जोडणाऱ्यांचं तिथे हमखास अडतं.

वारणाकाठ

युनिकोडच आहे दादा. आणि वर दिलेल्या मजकुरात तसं कुठलंच चिन्ह नाही.

अनुस्वार

एमबी-स्ट्रलेन वाचल्यावर पुढचं वाचायची गरजच उरली नाही. कंटेंट-लेंग्थ म्हणजे बाइट्स. अक्षरं नव्हेत. स्ट्रलेन बाइट्स मोजतं, एमबी-स्ट्रलेन अक्षरं.

तुमचाच मजकूर घेऊ. 'सुनंदा म्हैस दूध जमा' यात देवनागरीची १७ चिन्हं आहेत (काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं धरायचं) आणि ३ मोकळ्या जागा. एमबी-स्ट्रलेन सांगतं २०. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, म्हणजे ५१ अधिक ३, एकूण ५४. तुम्ही सर्व्हरला ३४ बाइट्स कमी सांगितले. तो बिचारा सांगितलं तेवढंच वाचतो. आता शेपटाकडून मोजा. एन्व्हलपचा बंद होणारा टॅग, 'सोप:' धरून, १६ बाइट्सचा, बॉडीचा १२ चा. हे २८ गेले आणि त्याच्या आधीच्या टॅगमधलेही ६ गेले. मग एक्सएमएल अर्ध्यातच संपलं असंच तो म्हणणार. तुमचा लॉग पूर्ण दिसतो कारण तुम्ही स्ट्रिंग लॉग करता. सर्व्हरने त्यातलं किती वाचलं हे त्यात कुठून दिसणार?

आणि ४०० चं कोडंही यातच सुटतं. उरलेले ३४ बाइट्स त्याच कनेक्शनवर पडून राहतात. हँडल उघडं असल्यामुळे पुढची विनंती त्याच वाटेने जाते, आणि सर्व्हरला तिची पहिली ओळ म्हणून तुमच्या आधीच्या एक्सएमएलचं शेपूट दिसतं. इंग्रजी मेसेज बिनदोष असूनही त्यात मार खातो.

उपाय: ते हेडर काढूनच टाका. कर्ल स्वतः मोजतं आणि बरोबर मोजतं. सोपयूआयही स्वतःच मोजतं, म्हणून तिथे चालतं. एमबी-स्ट्रलेन नावाच्या रकान्यासाठी योग्यच आहे, तिथे राहू द्या.

५०० आल्यावर उत्तराच्या आतला फॉल्ट वाचलात हे फार चांगलं केलंत. सोप १.१ मध्ये फॉल्ट ५०० सोबतच यायला हवा असा नियमच आहे. लोक नुसता स्टेटस बघून 'सर्व्हर डाउन' म्हणून मोकळे होतात.

साहेबांचं म्हणाल तर कृपा करून ऐकू नका. पहाटे धार काढून, डेअरीपर्यंत किटली वाहून आणणाऱ्या बाईला तिच्या दुधाचं फॅट किती लागलं हे तिला वाचता येईल अशा अक्षरांत कळायलाच हवं. ती पावती आहे तिची. दर फॅटवर ठरतो, आकडा चुकला तर तिने सचिवाला जाब विचारायचा आहे. बाइट्स मोजायचा कंटाळा हे तिला इंग्रजी पाठवायचं कारण होऊ शकत नाही. पैशांचा मुद्दा काढला तर तो मात्र खरा आहे: इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि त्यापुढे गेलं की प्रत्येक तुकड्यात ६७. तेव्हा मजकूर आटोपशीर करा. 'आपणांस कळविण्यात येते की' वगैरे काढा. नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, रुपये, बास.

वारणाकाठ

ताई, हेडर काढलं आणि २०० आलं! ४०० पण बंद. पण मोबाइलवर मेसेज आला तो नुसत्या प्रश्नचिन्हांचा. आकडे आणि मोकळ्या जागा तेवढ्या जागेवर आहेत.

अनुस्वार

'सुनंदा'च्या जागी किती प्रश्नचिन्हं आहेत ते मोजून सांगा. ६ असतील तर मजकूर तुमच्याकडेच बिघडलाय, बहुतेक मायएसक्यूएलच्या कनेक्शनवर किंवा रकान्याच्या कॅरेक्टर सेटमध्ये. १८ असतील तर बाइट्स तुमच्याकडून नीट निघाले आणि पलीकडे चुकीचे वाचले गेले.

वारणाकाठ

१८.

अनुस्वार

मग कंटेंट-टाइप. तुम्ही नुसतं टेक्स्ट/एक्सएमएल देताय, कॅरसेट (बाइट्स कोणत्या पद्धतीने वाचायचे ते) नाही. आरएफसी ३०२३ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, २००१) चा नियम असा होता की टेक्स्ट/एक्सएमएल सोबत कॅरसेट नसेल तर यूएस-आस्की धरायचं, मग एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलेलं असलं तरी. पाकिटावर जे लिहिलंय ते खरं, आतल्या पत्रातलं नव्हे. आस्कीत १२७ च्या वर काही नाही, म्हणून प्रत्येक बाइटचं एक प्रश्नचिन्ह. २०१४ च्या आरएफसी ७३०३ ने हे बदललं, पण सोप १.१ सन २००० चं आहे, आणि त्या काळाच्या लायब्ररीवर उभ्या असलेल्या सेवा आजही चालू आहेत.

टेक्स्ट/एक्सएमएल नंतर अर्धविराम देऊन कॅरसेट=यूटीएफ-८ लिहा. सोपयूआय हे आपणहून लावतं. उद्या कंपनीने सोप १.२ वर नेलं तर कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल होईल, सोपॲक्शनचं वेगळं हेडर जाईल आणि ॲक्शन कंटेंट-टाइपच्या आतच लिहावी लागेल. एन्व्हलपचं नेमस्पेसही बदलेल. त्यातलं एक बदललं आणि दुसरं राहिलं तर ४१५ (हा कंटेंट-टाइप चालत नाही) किंवा व्हर्जन-मिसमॅचचा फॉल्ट येतो.

रात्रपाळी

एवढं हाताने करण्यापेक्षा पीएचपीचा सोपक्लायंट का नको? त्यात डू-रिक्वेस्टला तयार एक्सएमएल देता येतं, कंटेंट-टाइप आणि सोपॲक्शन तो लावतो. ट्रेस चालू केला की गेलेले हेडरही बघता येतात.

अनुस्वार

नव्याने लिहिणार असाल तर तेच करा, आणि एक्सएमएल एक्सएमएलरायटरने बनवा म्हणजे 'अँड'च्या चिन्हाचीही काळजी नको. चालू संस्थांत मात्र आजच उलथापालथ करू नका, दोन हेडरचंच काम आहे.

वारणाकाठ

झालं ताई, 'सुनंदा म्हैस दूध जमा' अगदी स्वच्छ आलं. शेवटचं विचारतो: पहाटे नेट गेलं की टाइमआउट होतो. मी तीनदा परत पाठवायचं ठरवलंय, चालेल ना?

अनुस्वार

डोळे झाकून नको. टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही एवढंच. मेसेज गेलेला असू शकतो. बाईला एकाच मापाचे तीन मेसेज गेले तर तिला वाटेल दूध तीनदा लागलं, आणि सचिवाच्या खिडकीशी वाद होईल. डब्ल्यूएसडीएलमध्ये (सेवेचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) तुमच्याकडचा संदर्भ क्रमांक द्यायला फील्ड आहे का पाहा. तारीख, सकाळ की संध्याकाळ आणि उत्पादक क्रमांक मिळून एकच ओळख तयार करा, आणि परत पाठवताना तीच द्या. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पुन्हा पाठवणार नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. फॉल्ट आला असेल तर फॉल्टकोड बघा: क्लायंट असेल तर तेच एक्सएमएल कितीही वेळा पाठवलं तरी जाणार नाही, लॉगमध्ये टाकून पुढे जा. सर्व्हर असेल तर थोड्या वेळाने पाठवा.

वारणाकाठ

फील्ड आहे, आजवर रिकामंच जात होतं. संध्याकाळच्या संकलनाआधी भरतो.